पाठदुखीवरील डागणी आणि रोग्याचा जाणून घेण्याचा हक्क

कंबरदुखी ही कष्टकऱ्याची जुनी सोबतीण होय. गोदीत पोती वाहणारा हमाल, भट्टीपुढे वाकून उभा राहणारा पोलाद कामगार, भाताच्या खाचरात दिवसभर ओणवी राहणारी शेतमजूर स्त्री, खड्ड्यांच्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक हाकणारा चालक, यांपैकी कोणालाही पाठ दुखणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जगभरात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसे कंबरदुखीने ग्रस्त होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा अंदाज 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वर्तविला आहे. इतकी मोठी वेदना जेथे आहे तेथे तिचा बाजारही उभा राहतो. मोठ्या शहरांतील खाजगी इस्पितळांत आज 'पेन क्लिनिक' या नावाने स्वतंत्र विभाग चालतात आणि तेथे दिल्या जाणाऱ्या उपचारांत एक उपचार विशेष मानाचा समजला जातो. पाठीतील वेदना वाहून नेणारा बारीक मज्जातंतू विद्युत्-लहरींच्या उष्णतेने जाळून टाकणे, हा तो उपचार.

या उपचारातून काही रोगी पाठीची वेदना कमी झालेली घेऊन घरी जातात. थोडे रोगी मात्र मांडीवर, पोटरीवर किंवा सुई टोचल्याच्या जागी भाजल्याची जखम घेऊन जातात. असे क्वचित घडते, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ९२ रोग्यांवर केलेल्या ६१६ दाहांमागे केवळ सहा किरकोळ उपद्रव नोंदले गेले, आणि ते सारे वेदनेच्या स्वरूपाचे होते. तेव्हा या उपचाराविरुद्ध भीती पसरविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निराळा आहे. भाजणे हा या उपचाराचा अटळ परिणाम नसून बहुतांशी टाळता येण्याजोगा अपघात आहे. टाळता येण्याजोगा अपघात ज्याच्या अंगावर घडतो त्याला आधी काय सांगण्यात आले होते, घडत असताना त्याचे कोणी ऐकले काय, आणि घडल्यानंतर त्याची नोंद कोठे झाली, हे प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचे नव्हेत. ते समाजव्यवस्थेचे प्रश्न होत.

उपचाराचे स्वरूप

आगीने दुखणे मारण्याची कल्पना नवी नाही. 'सुश्रुतसंहिते'त अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि आपल्या खेड्यापाड्यांतील वैदूची डागणी अगदी अलीकडेपर्यंत सर्वांच्या परिचयाची होती. आधुनिक उपचार या डागणीचा वंशज नव्हे. त्याच्यामागे शरीररचनेचे व विद्युत्-शास्त्राचे ज्ञान उभे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्व्हाल यांनी १८९१ च्या सुमारास असे दाखवून दिले की, अतिशय वेगाने दिशा बदलणारा विद्युत्-प्रवाह शरीरातून नेला असता स्नायू आखडत नाहीत, केवळ उष्णता निर्माण होते. याच तत्त्वावर १९२६ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे बोव्ही या शास्त्रज्ञाने तयार केलेले यंत्र शल्यविशारद कुशिंग यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले. पाठदुखीसाठी या तंत्राचा उपयोग १९७५ साली अमेरिकन शल्यविशारद शीली यांनी प्रसिद्ध केला.

मणक्यांच्या मागील बाजूस लहान लहान सांध्यांच्या जोड्या असतात. हे सांधे झिजले वा सुजले की त्यांची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचविण्याचे काम एक बारीक मज्जातंतू करतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहत पाहत त्या मज्जातंतूपाशी सुई नेली जाते. सुईच्या दांड्यावर विद्युत्-रोधक लेप असतो. केवळ टोकाचा काही मिलिमीटर भाग उघडा असतो. सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तने करणारा प्रवाह सोडला की टोकाभोवतीचा भाग ८० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि एक-दीड मिनिटात मज्जातंतूचा तेवढा तुकडा निकामी होतो. सांधा आहे तसाच राहतो. त्याची तक्रार तेवढी वर पोहोचत नाही. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने वा थोड्या अधिक काळाने मज्जातंतू पुन्हा वाढतो, आणि बहुधा वेदनाही परतते.

त्वचा का भाजते

सुईच्या टोकातून शरीरात शिरलेल्या प्रवाहाला बाहेर पडण्यासाठी वाट हवी. ती वाट म्हणजे रोग्याच्या मांडीवर वा पोटरीवर चिकटविलेली रुंद पट्टी. सुईतून आणि पट्टीतून जाणारा प्रवाह एकच असतो. परंतु सुईचे टोक तांदळाच्या दाण्याएवढे आणि पट्टी तळहाताहून मोठी, म्हणून टोकाशी मांस शिजते आणि पट्टीखाली केवळ कोमट लागते. नदीचे तेच पाणी अरुंद घळईत खडक फोडते आणि मैदानात संथ पसरते, तसाच हा प्रकार आहे. पट्टीखालच्या त्वचेचे तापमान कसोटीच्या वेळी ६ अंशांपेक्षा अधिक वाढता कामा नये, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते.

आता ही पट्टी अर्धवट सुटली, तिच्यावरील ओलसर थर जुना होऊन वाळला, खाली दाट केस, घाम, तेल वा जुन्या जखमेचा व्रण असला, किंवा ती हाडाच्या उंचवट्यावर लावली गेली, तर संपर्काचे क्षेत्र आक्रसते. मैदानाची घळई होते. जो दाह पाठीत खोलवर व्हावयाचा तो मांडीच्या त्वचेवर होतो, आणि कधी कधी तो त्वचेच्या सर्व थरांतून आरपार जातो. दुसरे कारण सुईचे. वारंवार वापराने वा निर्जंतुकीकरणाने दांड्यावरील लेपाला चीर गेली असेल तर प्रवाह टोकापर्यंत न जाता मध्येच, त्वचेपाशी, गळतो. तिसरे कारण असे की, रोगी फार कृश असेल किंवा मज्जातंतू त्वचेच्या फार जवळ असेल, तर टोकाभोवतीची उष्णता वरपर्यंत पोहोचते. कमरेत हे सहसा घडत नाही. गुडघ्यासारख्या ठिकाणी हाच उपचार करताना ते अधिक संभवते.

या यादीकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. पट्टी नवी असणे, त्वचा पुसून कोरडी करणे, केस काढणे, पट्टी पूर्ण चिकटली आहे हे हात फिरवून पाहणे, सुईचा लेप तपासणे, यंत्रावरील विद्युत्-रोधाचा आकडा विचित्र दिसताच थांबणे, यांपैकी एकाही गोष्टीला अलौकिक बुद्धी लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित तंत्रज्ञ, नवे साहित्य आणि पाच मिनिटे वेळ. परंतु दिवसाकाठी जितके रोगी अधिक तितकी मिळकत अधिक, असा हिशेब जेथे चालतो तेथे सर्वप्रथम काटछाट नेमकी या तीन गोष्टींत होते. एकदाच वापरून टाकून द्यावयाची वस्तू पुन्हा वापरण्याची रीत आपल्या देशातील रुग्णालयांना अपरिचित नाही. पट्टीची किंमत संपूर्ण उपचाराच्या मानाने नगण्य, तरीही वाचविली जाते ती तीच. कंत्राटी तंत्रज्ञ आज येथे, उद्या तेथे. त्याला यंत्र शिकविणारा बहुधा विक्रेत्या कंपनीचाच प्रतिनिधी. अशा परिस्थितीत झालेला दाह 'रोग्याची त्वचा नाजूक होती' या सबबीखाली झाकला जातो.

उपयोग किती, वाद किती

उपचाराचा लाभ निर्विवाद असता तर थोडा धोका पत्करावा असे म्हणता आले असते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. शीली यांनी सुईसाठी जी जागा सांगितली होती तेथे तो मज्जातंतू मुळी नसतोच, असे ऑस्ट्रेलियातील बॉगडुक यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७९ साली शवविच्छेदनाच्या आधारे सिद्ध केले. तरीही मधल्या काळात अनेक रोगी 'बरे' झाल्याचे अहवाल येतच होते! पाठदुखीच्या क्षेत्रात यशाच्या दाव्यांकडे किती सावधपणे पाहावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढे सुईची जागा सुधारली. रोग्यांची निवड कसोशीने केली असता चांगला गुण येतो, असे २००० सालच्या एका छोट्या अभ्यासात दिसले. त्यातील १५ रोग्यांपैकी सुमारे ६० टक्के रोग्यांना वर्षानंतरही ९० टक्के आराम होता. उलट २०१७ साली नेदरलँड्समध्ये ६८१ रोग्यांवर झालेल्या तीन चाचण्यांत, व्यायामाच्या जोडीला हा उपचार दिल्याने केवळ व्यायामापेक्षा अर्थपूर्ण असा अधिक लाभ आढळला नाही. त्या चाचण्यांतील रोग्यांची निवड व सुईचे तंत्र सदोष होते, असा आक्षेप या क्षेत्रातील तज्ज्ञांनी घेतला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी इतर उपाय थकल्यावर, वेदना मध्यम वा तीव्र असल्यास, आणि बधिरतेचे चाचणी-इंजेक्शन देऊन आराम पडल्यासच हा उपचार विचारात घ्यावा, असे सांगितले. २०२५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील तज्ज्ञ-मंडळाने तर पाठीच्या जुनाट दुखण्यासाठी हा व तत्सम सुईचे उपचार करू नयेत, अशी ठाम शिफारस केली. तिलाही वेदना-तज्ज्ञांच्या संघटनांनी विरोध केला.

हा वाद आपण येथे सोडवू शकत नाही व सोडविण्याचा आव आणणे योग्यही नव्हे. परंतु एक निष्कर्ष निश्चित निघतो. ज्या उपचाराविषयी तज्ज्ञांतच इतका मतभेद आहे तो रोग्यापुढे हमखास गुणाचा म्हणून मांडणे ही फसवणूक होय. निवडलेल्या थोड्या रोग्यांना तो उपयोगी पडत असेल, तर निवडीची चाळणी हेच त्याचे प्राण. आणि चाळणी जितकी बारीक, तितके गिऱ्हाईक कमी. नफ्याचे गणित आणि शास्त्राचे गणित येथे समोरासमोर उभे ठाकतात.

संमतीपत्राची भाषा

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अनुवादाचा. ठराव, निवेदने, लेख इंग्रजी-हिंदीतून मराठीत आणणे हे नित्याचे काम. गेल्या वर्षी निराळ्याच अनुवादाची मागणी आली. मध्य भारतातील एका पोलाद-शहरात हयात घालविलेले आपले एक मराठीभाषक ज्येष्ठ कॉम्रेड चार पानांचे इंग्रजी संमतीपत्र घेऊन आले. पाठीवर हा उपचार घेतल्यानंतर त्यांच्या पोटरीवर तळहाताएवढी जखम झाली होती. ती भरून यावयास सहा आठवडे लागले. इस्पितळाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. "कॉम्रेड, मी कशाखाली सही केली ते एकदा मराठीत वाचून दाखवा," एवढीच त्यांची मागणी होती.

तिसऱ्या पानावर, संसर्ग, रक्तस्राव, बधिरता अशा उपद्रवांच्या एका लांबलचक वाक्यात, 'थर्मल इंज्युरी' असे दोन शब्द होते. त्याखाली त्यांची मराठीतील वळणदार सही. इस्पितळाने सोडताना दिलेल्या कागदावर भाजल्याचा उल्लेख नव्हता. 'त्वचेवर लाली' असे लिहिले होते. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट कागदावर नव्हतीच. ती त्यांनी तोंडाने सांगितली. उपचार चालू असताना पोटरीला चटका बसत होता. ते बोलले नाहीत. का? "थोडे गरम लागेल असे ते म्हणाले होते. मला वाटले, हेच ते औषध." भट्टीपुढे तीस वर्षे काढलेल्या माणसाने चटका सोसला, कारण सोसणे हेच त्याला आयुष्यभर शिकविले गेले होते.

येथे प्रश्नाचे मर्म आहे. हा उपचार बहुधा पूर्ण भूल न देता, रोगी बोलू शकेल अशा अवस्थेत केला जातो. यंत्राचा इशारा चुकला, तंत्रज्ञाची नजर चुकली, तरी एक पहारेकरी उरतो. तो म्हणजे स्वतः रोगी. पाठीऐवजी पायाला गरम लागले की तत्क्षणी ओरडावे, एवढे एक वाक्य त्याच्या भाषेत त्याला सांगितले, तर दाह जखमेत बदलण्यापूर्वी थांबविता येतो. ते वाक्य न सांगणे म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा घालणे होय.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालात संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम, हे सांगूनच संमती घेतली पाहिजे. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, अगदी दूरचे वा केवळ सैद्धांतिक धोके सांगून रोग्यास घाबरविण्याची आवश्यकता नाही. इस्पितळे याचा आधार घेऊन म्हणू शकतील की भाजण्याचा धोका दूरचा आहे. परंतु हा युक्तिवाद टिकणारा नाही. धोका दूरचा असो वा जवळचा, जो रोग्याच्या एका शब्दाने टळू शकतो तो त्याला सांगणे ही सुरक्षेची रीत होय; त्यात घाबरविण्याचा प्रश्नच येत नाही. क्रेन फिरविण्यापूर्वी खालच्या कामगाराला हाक देणारा चालक त्याला घाबरवीत नसतो. आणि जी माहिती रोग्यास अपरिचित भाषेत, बारीक अक्षरांत, उपचाराच्या टेबलाकडे नेताना हाती दिली जाते, ती माहिती नव्हेच. ती इस्पितळाच्या बचावाची तरतूद आहे. तमिळनाडूतील मराठीभाषकास तमिळ वाचता येत नसेल आणि पुण्यातील बिहारी बांधकाम मजुरास मराठी येत नसेल, तर दोघांचीही स्थिती सारखीच.

नोंद नाही म्हणून अपघात नाही

वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद ठेवण्याची योजना आपल्या देशात ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाली; तिचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले व १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधांप्रमाणे कायद्याच्या कक्षेत आणली गेली. म्हणजे कागदोपत्री व्यवस्था आहे. परंतु जखमेला 'लाली' म्हटले की नोंदीची वाट तेथेच खुंटते. नोंद नाही म्हणून दोष कळत नाही, दोष कळत नाही म्हणून तीच पट्टी, तेच यंत्र पुढच्या रोग्याला लागते, आणि शेवटी 'आमच्याकडे असे कधी घडत नाही' असे छातीठोकपणे सांगता येते.

खर्चाचा भार कोणावर, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला, आणि सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. जो रोगी उपचाराचे पैसे खिशातून भरतो तोच भाजलेल्या जखमेच्या मलमपट्टीचेही भरतो, आणि तितक्या दिवसांची मजुरीही गमावतो.

दोन टोकांच्या भूमिका

या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, ही सारी लूट आहे. पाठीत सुया खुपसून घेण्यापेक्षा घरी पडून राहावे. हे मत वरकरणी जहाल, परंतु वस्तुतः रोग्याला वाऱ्यावर सोडणारे आहे. ज्याला वर्षानुवर्षे उठता-बसता येत नाही आणि ज्याला चाचणी-इंजेक्शनाने खरोखर आराम पडला आहे, त्याच्या हातून एक पर्याय आपण कोणत्या अधिकाराने हिरावून घ्यावा? विज्ञानाला विरोध करणे हे आपले काम नव्हे. सरकारी रुग्णालयात, शिकलेल्या हातांनी, योग्य निवड करून हा उपचार मिळू लागला तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

दुसरे मत असे की, पट्टी कोरडी की ओली हा तांत्रिक तपशील आहे. तो डॉक्टरांवर सोपवावा. गिरणीतील यंत्राच्या पट्ट्याला जाळी असावी की नाही, हाही एके काळी मालकाचा तांत्रिक तपशीलच समजला जात असे. कामगारांनी त्या तपशिलात लक्ष घातले तेव्हाच त्यांची बोटे वाचली.

या दोन्ही मतांच्या पलीकडे मूळ कारणाकडे वळले पाहिजे, अन्यथा रोग रेड्याला नि औषध पखालीला असा प्रकार व्हावयाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या वजनाविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचविली. आपल्याकडे इजा होईल इतके ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये, हे तत्त्व १९४८ च्या कारखाना कायद्याने स्वीकारले होते. महाराष्ट्रातील माथाडी कामगारांनी लढून १९६९ साली स्वतंत्र कायदा मिळविला. तरीही सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, आणि एका खेपेत दोन उचलणाऱ्यालाच मुकादम शाबासकी देतो. जोपर्यंत बोजा तोच आहे तोपर्यंत जाळलेला मज्जातंतू केवळ तक्रार बंद करतो, बोजा उतरवीत नाही. बहुतेक कंबरदुखीत हालचाल, व्यायाम व योग्य माहिती हाच पहिला उपाय, असे 'लॅन्सेट'च्या २०१८ च्या लेखमालेने सांगितले. परंतु फिजिओथेरपिस्टच नसलेल्या तालुका रुग्णालयात तो पहिला उपाय तरी मिळणार कोठून?

आपण काय मागावे

मागण्या साध्या आहेत आणि म्हणूनच त्या टाळणे कोणाला सोपे जाऊ नये. संमतीपत्र रोग्याच्या भाषेत असावे व ते उपचाराच्या आदल्या दिवशी वाचून दाखवावे. पायाला वा त्वचेला चटका बसताच बोलावे, हे प्रत्येक रोग्यास तोंडी सांगावे. पट्टी नवी वापरली याची नोंद रोग्याच्या कागदावर असावी. उपचारानंतर पट्टीखालची त्वचा पाहूनच रोग्यास घरी सोडावे, आणि पाठीचा भाग बधिर असेपर्यंत त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, हेही सांगावे. भाजल्याची प्रत्येक घटना राष्ट्रीय नोंदीत गेली पाहिजे, आणि तिच्या उपचाराचा खर्च इस्पितळाने सोसला पाहिजे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरविले आहे. तो मार्ग उपलब्ध आहे हे युनियनच्या कार्यालयातून लोकांना कळले पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळजण मराठी मुलुखाबाहेर, निरनिराळ्या भाषांच्या प्रदेशांत काम करतात. दोन-तीन भाषा जाणणारा कार्यकर्ता प्रत्येक शाखेत असतोच. त्याने महिन्यातून एक सायंकाळ याच कामाला द्यावी. सभासदांच्या व शेजाऱ्यांच्या हातातील इस्पितळाचे कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवावेत, आणि सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न त्यांच्याबरोबर बसून लिहून काढावेत. सोसणे हा कष्टकऱ्याचा गुण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गायिला गेला. उपचाराच्या टेबलावर तरी त्याने मुळीच सोसू नये. चटका बसताच बोलावे, आणि बोललेले ऐकले जाईल अशी व्यवस्था मागावी.